धायरीचा मुलगा निगडीला का जातो? जागा, ओळख आणि आरोग्य

दोन पेशंटच्या गोष्टीने सुरुवात करतो. ओळख पटू नये म्हणून दोघांचेही तपशील बदलले आहेत.

पहिला विश्रांतवाडीचा, वय चोविसेक. अंगावर पुरळ, खाज नाही, तळहातांवरही लालसर चट्टे. असे तळहात पाहिले की सिफिलिसची शंका घ्यायची, हे आम्हाला कॉलेजात शिकवलेलं असतं. रक्त तपासलं, शंका खरी निघाली, पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली, मुलगा बरा झाला. जाता जाता मी सहज विचारलं, "विश्रांतवाडीहून स्वारगेटला बस बदलून इथे धायरीला आलास? तिकडे डॉक्टर नाहीत का?" तो म्हणाला, "आहेत ना सर. पण ते बाबांना ओळखतात."

दुसरा आमच्या धायरीचाच. त्याच्या आजीची शुगर मी पाहतो, त्याच्या लहानपणीच्या लशी माझ्याकडेच झाल्या. तो एचआयव्हीची तपासणी करायला निगडीला गेला होता. 'तपासून घ्यावं' असं मनात आल्यापासून प्रत्यक्ष जाईपर्यंत त्याचं एक वर्ष गेलं होतं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तेव्हा फाइल घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "डॉक्टरकाका, इथे वेटिंगमध्ये नेहमी कोणीतरी ओळखीचं असतं."

या दोघांना पुरुषांबद्दल आकर्षण वाटतं. दोघेही शहराच्या दोन टोकांना राहतात आणि उपचारासाठी आपापल्या टोकापासून लांब पळतात. मी त्या दिवशी हिशेब केला. विषाणूने धायरीच्या मुलाचं जेवढं नुकसान केलं, त्यात एका वर्षाची भर माझ्या वेटिंग रूमने घातली होती.

समलैंगिकतेवर बोलताना आपण नेहमी 'का' असं विचारतो. जनुकांमुळे का, हार्मोन्समुळे का? आज मला 'कुठे' हा प्रश्न विचारायचा आहे. ही माणसं कुठे भेटत होती, कुठे राहत होती, कुठे मोकळेपणी बोलत होती? आकर्षण माणसाच्या आत असतं. पण त्याला नाव मिळायला, 'माझ्यासारखे आणखीही आहेत' हे कळायला चार भिंती, एखादा रस्ता, निदान एखादा पत्ता लागतो. त्या पत्त्यांचा हा थोडक्यात इतिहास.

एक शब्द आधी स्पष्ट करतो. 'क्वीअर' म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, तृतीयपंथी अशा, लैंगिकतेच्या नेहमीच्या चौकटीत न बसणाऱ्या सगळ्यांसाठी वापरला जाणारा एकत्रित शब्द. इंग्रजीत ही एकेकाळी शिवी होती. ज्यांना ती दिली जायची, त्यांनीच ती उचलून आपलं नाव केलं.

वतन आणि डोंगर

'हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्याकडे नव्हतं' असं तुम्ही ऐकलं असेल. मग पेशवाईपासून सुरुवात करू.

मराठेशाहीच्या काळात दख्खनमधल्या काही हिजड्यांना ठरावीक गावांत भिक्षा मागण्याचा वंशपरंपरागत हक्क होता. काहींना रोख नेमणूक होती, काहींना जमीन. हा वारसा गुरूकडून चेल्याकडे जायचा. जसा पाटलाचा हक्क, जोशाचा हक्क, तसाच हाही एक हक्क. गावगाड्यात त्यांना जागा होती. ती मानाची होती असं मी म्हणणार नाही, पण नोंदलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई इलाख्याच्या इंग्रज सरकारने हे हक्क पुढे चालू ठेवायला नकार दिला. सरकारी मान्यतेने भिक्षा मागणारा माणूस हळूहळू नुसता भिकारी ठरला, आणि पुढे संशयित. पाठोपाठ १८६० ची भारतीय दंडसंहिता आली आणि तिच्यात कलम ३७७. म्हणजे आधी जागा गेली आणि मग गुन्हा चिकटला. आजही तृतीयपंथी समाजात कोणत्या घराण्याने कोणत्या भागात मागायचं याच्या हद्दी कडकपणे पाळल्या जातात.

दुसरी जागा यल्लम्माची. सौंदत्तीच्या डोंगराशी कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव भागातल्या कितीतरी घरांचं नातं आहे. ज्या मुलाचं वागणं बायकी वाटायचं, त्याला देवीला सोडून 'जोगता' करायचं, ही तिथली रीत. साडी, कपाळाला भंडारा, डोक्यावर जग आणि हातात परडी. देवीच्या नावाने त्याला एक वेश मिळाला, पोट भरायचं साधन मिळालं आणि सोबतीला त्याच्यासारखे इतर मिळाले. पण ही निवड त्याची नव्हती, आणि एकदा गळ्यात दर्शन बांधलं की परतीची वाट बंद. राजन गवस यांच्या 'भंडारभोग' कादंबरीत हे जग आहे. 'जोगवा' चित्रपट तुम्ही पाहिला असेल, तो २००९ मध्ये आला.

या दोन्ही जागांनी माणसाला सामावून घेतलं, पण एकाच साच्यात. ज्याला पुरुष म्हणूनच जगायचं होतं आणि पुरुषावरच प्रेम करायचं होतं, त्याच्यासाठी गावात नाव नव्हतं. त्याचं लग्न व्हायचं, आणि विषय संपायचा.

पोस्टाची पेटी

आता एका गणिताच्या प्राध्यापकाकडे वळू. रघुनाथ धोंडो कर्वे म्हणजे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. वडिलांनी हिंगण्याला विधवांसाठी आश्रम काढला, म्हणजे ज्यांना घरात जागा नव्हती त्यांच्यासाठी गावाबाहेर जागा केली. मुलाने कागदावर जागा केली. १९२७ मध्ये मुंबईहून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. त्यात वाचक आपल्या लैंगिक शंका पत्राने विचारत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो याच प्रश्नोत्तरांवरून. हस्तमैथुन आणि समलैंगिकता हे त्यातले विषय होते. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दंड झाला, मासिक चालू राहिलं.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती पोस्टाची. एखाद्या तालुक्याच्या गावातला माणूस, ज्याला डॉक्टरच्या दारातही हा प्रश्न तोंडातून काढता येत नव्हता, तो तिकीट लावून मुंबईला पाठवू शकत होता. साधारण त्याच काळात बर्लिनमध्ये डॉ. मॅग्नस हिर्शफेल्ड यांची लैंगिक विज्ञानाची संस्था होती. १९१९ मध्ये निघालेल्या त्या संस्थेत दवाखाना, ग्रंथालय आणि सल्ला केंद्र एकाच इमारतीत होतं. १९३३ मध्ये नाझींनी ती लुटली आणि पुस्तकं चौकात जाळली. इमारत असली की ती लुटता येते. आपल्याकडे इमारत नव्हती, पाकीट होतं.

तेच पाकीट पुन्हा १९९० मध्ये दिसतं. अशोक राव कवी आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत 'बॉम्बे दोस्त' काढलं. तेव्हा इंटरनेट नव्हतं. लांबच्या गावातल्या वाचकाच्या हातात असा अंक पडणं म्हणजे काय, याचा विचार करून पाहा.

रूम पार्टनर

जॉन डेमिलिओ या अमेरिकन इतिहासकाराने १९८३ मध्ये एक मुद्दा मांडला होता, तो आपल्यालाही लागू पडतो. शेतीवर जगणाऱ्या घरात माणूस घराबाहेर पडला तर उपाशी मरतो. पगार मिळू लागला की त्याला घराबाहेर, घरच्यांच्या नजरेबाहेर राहता येतं. समलिंगी आकर्षण सगळ्या काळांत होतं. त्यावर आधारलेलं आयुष्य उभारता येणं मात्र पगार आणि शहर यांच्यामुळे शक्य झालं.

पुण्याकडे या नजरेने पाहा. शिकायला आलेली मुलं, खडकीच्या कारखान्यातले कामगार, खाणावळी, होस्टेलं, वाड्यातल्या भाड्याच्या खोल्या. नंतर पेइंग गेस्ट आले आणि 'कॉट बेसिस' आलं. आमच्या सिंहगड रोडवर तर वडगाव, नऱ्हे, आंबेगाव इथे कॉलेजं झाली आणि कितीतरी बंगल्यांचे वरचे मजले खोल्या बनले. दोन मुलगे एका खोलीत राहतात, तर इथे कोणाला काही वाटत नाही. 'रूम पार्टनर आहे' एवढं म्हटलं की झालं. त्या दोन शब्दांच्या आडोशाला किती जोडपी सुखाने राहिली असतील, ते त्या खोल्यांनाच ठाऊक. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' या २००६ च्या कादंबरीतला पाहुणाही घरात येतो तो पेइंग गेस्ट म्हणूनच, आणि घरातला भाऊ आणि बहीण दोघेही त्याच्या प्रेमात पडतात.

पण आडोसा कायमचा नसतो. तिशी उलटली की घरमालक विचारतो, "लग्न कधी?" सोसायटीच्या फलकावर लिहिलेलं असतं, 'फक्त कुटुंबासाठी'. मग खोली बदलायची, नाहीतर लग्न करायचं. माझ्याकडे झोप न येण्याची तक्रार घेऊन आलेल्या काही तरुणांच्या निद्रानाशाचं मूळ पुढच्या घरभाड्याच्या करारात होतं, हे मला उशिरा कळलं.

बुधवार पेठेतलं ऑफिस

आता इतिहासातल्या एका विचित्र वळणावर येऊ. भारतात क्वीअर लोकांना पहिल्यांदा हक्काच्या, भाडं भरलेल्या खोल्या मिळाल्या त्या बऱ्याच अंशी एका रोगामुळे.

भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा १९८६ मध्ये चेन्नईत सापडली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम आला आणि त्याच वर्षी पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. साथ आटोक्यात आणायची तर पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांपर्यंत पोहोचावं लागणार होतं. ते कुठे भेटतात? बागा, स्टेशनं, सार्वजनिक शौचालयं. का तिथे? कारण दुसरीकडे दार नव्हतं. अंधारात, घाईत, पोलिसांच्या भीतीने होणाऱ्या भेटीत निरोध वापरायला वेळ कुठला? म्हणजे जागाच संसर्गाचं एक कारण होती.

१९९४ मध्ये मुंबईत हमसफर ट्रस्ट स्थापन झाला आणि सांताक्रूझच्या वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत त्याचं केंद्र उभं राहिलं. तपासणी, समुपदेशन, आणि नुसतं येऊन बसायची सोय. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला. खिरे अमेरिकेतली संगणक क्षेत्रातली नोकरी सोडून परत आले होते. त्यांनी हेल्पलाइन चालवली आणि मराठीत पुस्तकं लिहिली. त्यांच्या एका कादंबरीचं नावच 'पार्टनर' आहे.

समपथिकचं ऑफिस बुधवार पेठेत होतं. पुणेकराला यातली सोय लगेच कळेल. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला चाललोय असं घरी सांगून कोणीही त्या गर्दीत शिरू शकतो. शांत कॉलनीतल्या बंगल्यात असं ऑफिस असतं, तर जिना चढणारा प्रत्येक माणूस शेजाऱ्यांच्या नजरेत भरला असता.

या मदतीची दुसरी बाजूही होती. पैसे रोगासाठी आले, म्हणून माणसंही रोगाच्या भाषेत मोजली गेली. 'एमएसएम' हे सरकारी लघुरूप आहे. कोणाला ते आपली ओळख वाटू लागलं, कोणाला अपमान. आणि काम करणाऱ्यांच्या डोक्यावर कलम ३७७ टांगलेलं होतंच. २००१ मध्ये लखनौत एचआयव्हीचं काम करणारे कार्यकर्ते तुरुंगात टाकले गेले. त्याच वर्षी नाझ फाउंडेशन दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. म्हणजे ३७७ विरुद्धची ही लढाई न्यायालयात उभी राहिली ती आरोग्याच्या प्रश्नातून.

बायकांना जागा कुठे?

आतापर्यंत मी पुरुषांबद्दल आणि तृतीयपंथींबद्दलच बोललो, हे तुमच्या लक्षात आलं असेल. बाग, स्टेशन, रात्रीचा रस्ता ही ठिकाणं धोक्याची का असेनात, पुरुषाला उपलब्ध होती. बाईला तीही नव्हती. एचआयव्हीचा निधीही त्यांच्यासाठी नव्हता. त्यांची जागा म्हणजे मैत्रिणीचं घर, लेडीज होस्टेल, नर्सिंगचं क्वार्टर. तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगमंचावर आणलं तेव्हा मराठी प्रेक्षकाने बाईवर प्रेम करणारी बाई बहुधा पहिल्यांदाच समोर पाहिली. १९९५ मध्ये मुंबईत 'स्त्री संगम' हा गट झाला, पुढे त्याचं नाव 'लेबिया' झालं. पुण्यात २००० च्या सुमारास 'ओलावा' हा गट होता. १९९८ च्या डिसेंबरमध्ये 'फायर' चित्रपटाचे खेळ मुंबईत बंद पाडले गेले. तेव्हा दोन बायकांचं प्रेम थिएटरच्या अंधारातही चालत नाही, हे कळलं.

स्त्रीरोगतज्ज्ञाकडे 'लग्न झालंय का?' हा प्रश्न ऐकून गप्प बसणाऱ्या बाया या यादीतल्याच.

रस्ता

२ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात पंधरा-एक माणसं पिवळे टी-शर्ट घालून चालली. ती दक्षिण आशियातली पहिली प्राइड पदयात्रा मानली जाते. मुंबईत असा मोर्चा २००८ मध्ये ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाला. पुण्यात पहिली पदयात्रा समपथिकने काढली ती ११ डिसेंबर २०११ रोजी. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ ला कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले होते, त्या बळावर. बरोबर दोन वर्षांनी, ११ डिसेंबर २०१३ लाच, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. जी माणसं दिवसाउजेडी चेहरा उघडा ठेवून चालली होती, ती पुन्हा कायद्याने गुन्हेगार झाली. ६ सप्टेंबर २०१८ ला ते ओझं अखेर उतरलं.

रस्त्यावर कसं दिसावं यावरून समाजातही वाद झाले. २०१७ च्या पुण्यातल्या पदयात्रेत सभ्य पोशाख घालावा असा आग्रह झाला आणि काहींनी त्याला विरोध केला. आपल्या गणपतीच्या मिरवणुकीवरून होतात तसेच हे वाद आहेत. रस्ता कोणाचा, तिथे कसं वागायचं, हे कोणी ठरवायचं? गणपतीचाच विषय निघाला म्हणून सांगतो, २०२४ च्या गणेशोत्सवात पुण्यात तृतीयपंथींचं 'शिखंडी' ढोल-ताशा पथक वाजलं. ज्यांना सिग्नलवर पाहून आपण काच वर करतो, त्यांना बघायला लोक थांबले.

खिशातली जागा

२००९ नंतर जागा मोबाइलमध्ये आली. आता ॲप सांगतं की तुमच्यासारखा माणूस चारशे मीटरवर आहे. धायरीतल्या मुलालाही आपण एकटे नाही हे खोलीत बसून कळतं. हे मोठंच सुख आहे. पण भेटायचं कुठे, हा जुना प्रश्न तसाच उरतो. घरी आईवडील, सोसायटीच्या गेटवर पाहुण्याची नोंद, जिन्यात सीसीटीव्ही. मग अनोळखी ठिकाणी बोलावलं जातं, आणि लुबाडणारे याच गरजेवर टपलेले असतात. असं घडलं तर लक्षात ठेवा, संमतीने भेटणं गुन्हा नाही, खंडणी मागणं हा गुन्हा आहे. तक्रार करता येते.

आणि धायरी?

आमच्या धायरीचा काही भाग आधी महापालिकेत गेला, उरलेला २०१७ मध्ये. इथे एकाच रस्त्यावर दोन गावं राहतात. एक धारेश्वराच्या देवळाभोवतीचं, जिथे प्रत्येक जण कोणाचा तरी भाचा किंवा पुतण्या असतो. दुसरं बाहेरून आलेल्यांच्या टॉवरचं, जिथे समोरच्या फ्लॅटमधलं नाव माहीत नसतं. पहिल्यात माणूस आजारी पडला तर दहा जण धावतात, पण गुपित राहत नाही. दुसऱ्यात गुपित राहतं, पण तापाने फणफणलेल्याला पाणी द्यायला कोणी नसतं. क्वीअर माणसाला दोन्ही हवं असतं, आणि ते मागणं जगावेगळं नाही. तुम्हाआम्हालाही तेच हवं असतं.

आता डॉक्टर म्हणून चार गोष्टी.

एक, समलैंगिकता हा आजार नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये ती आजारांच्या यादीतून काढली. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही २०१८ मध्ये हेच स्पष्ट केलं. ती 'बदलण्याचे' उपचार करणं २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या लेखी व्यावसायिक गैरवर्तन आहे. असा उपचार कोणी सुचवला, तर तिथून उठा.

दोन, सतत लपून राहण्याचा ताण शरीराला आणि मनाला लागतो. नैराश्य, व्यसन, आत्महत्येचे विचार यांचं प्रमाण या समाजात जास्त दिसतं. त्याचं कारण आकर्षण नसून त्याभोवतीची भीती आहे. मन बुडत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

तीन, सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. तुमच्या संमतीशिवाय निकाल कोणाला सांगणं २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. उपचारही मोफत मिळतात. ते नियमित घेतले आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. आमचा धायरीचा मुलगा आज त्याच टप्प्यावर आहे.

चार, हे पालकांसाठी. मुलगा किंवा मुलगी तुम्हाला हे सांगत असेल, तर पहिलं वाक्य जपून बोला. "घर तुझंच आहे" एवढं पुरे. बाकीचं समजायला तुम्हाला वेळ लागेल, तो घ्या.

आणि माझं काय? त्या मुलाची फाइल पाहिल्यानंतर मी दवाखान्यात काही बदल केले. आता नावाने हाक मारत नाही, नंबरने बोलावतो. तपासणीच्या खोलीचं दार नीट बंद होतं. केसपेपरवर 'विवाहित/अविवाहित' ऐवजी 'जवळची व्यक्ती' असा रकाना आहे, तिथे कोणाचंही नाव लिहिता येतं. शेवटची अर्धी वेळ आधी फोन करून येणाऱ्यांसाठी राखून ठेवली आहे, तेव्हा वेटिंगमध्ये कोणी नसतं. सुतारकामासह खर्च नऊ हजार रुपये आला. हे वीस वर्षांपूर्वी करता आलं असतं.

विश्रांतवाडीचा मुलगा अजूनही धायरीला येतो. त्याने लांब जाऊ नये असं मला वाटतं, म्हणून तुमच्यापैकी जे डॉक्टर आहेत त्यांना विनंती, तुमच्या दवाखान्याचं दार एकदा तपासून पाहा.